सोळावा फर्मा

बाइंडरकाकांकडे पुस्तक बांधायला टाकलं की ते आठ दिवसांनी मिळतं, हे कॉलेजच्या पोरांना पाठ झालं होतं. खरं तर काम दीड दिवसाचं. बाकीचे दिवस पुस्तक 'वाळत' असायचं. कुणी घाई केलीच, तर काका पुस्तकं दाबून ठेवायच्या शिकंज्याकडे बोट दाखवून सांगायचे, की खळ ओली असताना पुस्तक उघडलंत तर पानं हातात येतील, मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत. शिकंज्यात तेव्हा भलत्याच कुणाचं पुस्तक असायचं. पण तिथे डोकावून बघायला कुणाला फुरसत असते?

वाळणारं पुस्तक काकांच्या घरी जायचं. अख्खं नाही, तुकड्यातुकड्याने. जुनी शिवण उसवली की जाड पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे होतात. त्यातला एक काका संध्याकाळी डब्याच्या पिशवीत घालून न्यायचे. मुलगी तो वाचायची, हवं ते वहीत उतरवून घ्यायची, आणि सकाळी फर्मा रिकाम्या डब्यासोबत दुकानात परत. एकाच्या पुस्तकातून पहिले पाच-सहा फर्मे, दुसऱ्याच्या पुस्तकातून पुढचे, असं करत पोरीने दोन वर्षं काढली होती.

हौस म्हणून कुणी असं करत नाही. पोरगी औषधशास्त्र शिकत होती, आणि त्या पुस्तकांच्या किमती अशा, की दुकानात पुस्तक उचलावं, मागची चिठ्ठी वाचावी आणि कुणी बघत नाहीसं पाहून गुपचूप खाली ठेवावं. पहिल्या वर्षी काकांनी छाती करून एक घेतलं होतं. वर्ष सरायच्या आत त्याची नवी आवृत्ती आली. चार धडे पुढे, चार मागे, वरचं चित्र बदललं, आणि जुनं पुस्तक विकायला गेल्यावर ते कुणी हातात धरेना. वाचनालयात एकच प्रत, तीही दोन तास, तीही रांग लावून. ज्याच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली, त्याला स्वतःच्या पोरीला एक देता येऊ नये, हे काकांना फार लागायचं. मुलीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की फर्मे वाचनालयाच्या पुस्तकांचे आहेत आणि ग्रंथपालांची हरकत नाही. तिनेही कधी उलट विचारलं नाही.

त्या वर्षी पेपरला बारा दिवस असताना एक मुलगी तेच औषधशास्त्राचं पुस्तक घेऊन आली. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. पुस्तक समोरच्या अर्धेभाऊंकडून घेतलेलं. जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत विकतो म्हणून त्याचं हे नाव, आणि तो काकांच्या रोजच्या चहाचा सोबती. पुस्तकाची पाठ मोडली होती, पानं मात्र सगळी होती. काकांनी स्वतः मोजून घेतली होती.

आठ दिवस म्हटल्यावर चष्मेवालीचा चेहरा उतरला. चौथ्या दिवशी ती येऊन पायरीवर उभी राहिली. सहाव्या दिवशी परत आली. भांडली नाही, आवाज चढवला नाही. सातव्या दिवशी सकाळी म्हणाली, की तिच्याकडे हे एकच पुस्तक आहे, ओलं असलं तरी ती इथे स्टुलावर बसून अलगद वाचेल, पान जोरात उलटणार नाही. काकांनी उद्या नक्की म्हणून तिला वाटेला लावलं.

ती गेली आणि काकांना कसंसंच झालं. त्यांनी तिथल्या तिथे सुई-दोरा काढला आणि फर्मे शिवायला घेतले. एरवी शिवण्याआधी ते प्रत्येक फर्म्याचा पहिला आणि शेवटचा आकडा दोनदा बघायचे. तीस वर्षांत ही सवय मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली. सकाळी पिशवीतून फर्मा परत आला आहे एवढंच डोक्यात होतं. पण आदल्या संध्याकाळी मुलीने सोळावा अर्धा राहिलाय म्हणून ठेवून घेतला होता आणि काकांनी तिला सतरावाही देऊन टाकला होता. परत आला होता तो सतरावा.

आठव्या दिवशी चष्मेवाली पुस्तक छातीशी धरून घेऊन गेली.

पेपरच्या आदल्या दुपारी ती धापा टाकत आली. पान दोनशे चाळीसनंतर एकदम दोनशे सत्तावन्न. विषबाधा आणि त्यावरचे उतारे, सबंध धडा गायब. वाचनालयातली प्रत रांगेतल्या कुणीतरी आधीच धरून ठेवली होती. बांधताना पानं होती का, एवढंच तिने विचारलं. काकांना वाटलं ही माझ्या हातावर शंका घेते आहे.

"माझ्याकडे आलं तेवढं मी बांधलं," ते म्हणाले. "मी पानं खात नाही."

मग ती समोर अर्धेभाऊंकडे गेली. अर्धेभाऊ पुस्तक पुरं होतं म्हणून शपथा घेत होता आणि गिऱ्हाइकं ऐकत उभी होती.

त्या संध्याकाळी काका घरी येऊन हातपाय धुतात न धुतात, तोच मुलीने वहीतून सोळा पानं काढून पुढे केली. "बाबा, हा फर्मा परत द्यायचा राहिलाच की."

काकांनी पहिला आकडा बघितला. दोनशे एक्केचाळीस. चष्मेवाली राहायची ते मुलींचं वसतिगृह चालत दहा मिनिटांवर होतं. त्यांनी फर्मा पिशवीत घातला, चपला घातल्या, दारापर्यंत गेले. कुठे निघालात, असं मुलीने आतून विचारलं. आता काय सांगायचं? वाचनालयाची पुस्तकं वाचनालयाची नव्हती हे? की उद्यापासून दुकानात कुणी पुस्तक टाकणार नाही हे? काका उंबऱ्यातून मागे फिरले. मग कुठे नाही म्हणाले आणि चपला काढल्या. सकाळी लवकर जाऊ, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सकाळी ते दुकानात गेले आणि फर्मा खणात टाकला.

पेपरात विषबाधेवर वीस गुणांचा प्रश्न आला, तोही सक्तीचा. हे मुलीनेच सांगितलं, हसत हसत, बाबा बरं झालं तो फर्मा घरी राहिला म्हणत. महिन्याने निकाल लागला तेव्हा तिनेच जेवताना दुसरी गोष्ट सांगितली, की वर्गातली एक हुशार मुलगी थोडक्यासाठी नापास झाली, तिच्या पुस्तकात पानंच नव्हती. तिची फी माफ होती, ती बंद झाली. आता औषधांच्या दुकानात बिलं फाडते. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

अर्धेभाऊ पानं फाडून विकतो, असं कॉलेजात पसरलं. चहाच्या वेळी तो काकांना म्हणायचा, तुझ्या हातून गेलं ना रे ते पुस्तक, तूच सांग पुरं होतं की नाही. काका म्हणायचे, इतकी पुस्तकं येतात, कुठलं लक्षात राहणार? पुढे अर्धेभाऊने विचारणं सोडलं. चहाला मात्र तो येत राहिला, आणि काकांना तेच जास्त जड जायचं. घरी फर्मे नेणं त्यांनी बंद केलं होतं. पण बंद करून झालेलं थोडंच भरून येतं?

वर्षाने एका सकाळी चष्मेवाली दुकानात आली. तेच पुस्तक आणि सोबत हाताने लिहिलेले कागद. सोळा पानं, बारीक सरळ अक्षर, तक्ते पट्टीने आखलेले. कडा नेमक्या पुस्तकाच्या मापाच्या. शेजारची मुलगी यंदा कॉलेजात जाते आहे, तिला पुस्तक द्यायचं आहे, असं ती म्हणाली. मैत्रिणीच्या पुस्तकावरून रविवारी बसून उतरवलं होतं.

"एवढं मध्ये शिवून द्या, काका. तिचं तरी अडायला नको."

गप्प बसून शिवून टाकलं असतं तरी कुणाला कळणार नव्हतं. काकांनी सुई हातात घेतलीही. मग ती खाली ठेवली, खण उघडला आणि सोळावा फर्मा काढून तिच्यापुढे ठेवला.

तिने पान उलटलं. उताऱ्यांच्या तक्त्याशेजारी शिसपेन्सिलीने चांदणी काढली होती आणि लिहिलं होतं, नक्की येणार.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"मी विचारायला आले तेव्हा तुमच्याकडे होता?"

"घरी होता. मला संध्याकाळी कळलं."

"पेपर दुसऱ्या दिवशी होता," ती म्हणाली.

काका हो म्हणाले. तिने चष्मा काढला, ओढणीला पुसला, परत घातला. छापील फर्मा जुळवून काकांच्या बाजूला सरकवला.

"हा तुमच्याकडेच राहू द्या. माझी पानं शिवा. किती दिवस लागतील?"

"संध्याकाळी घेऊन जा."

ती जायला वळली होती, ती थांबली. तिने शिकंज्याकडे बघितलं, मग खळीच्या डब्याकडे.

"संध्याकाळपर्यंत वाळतं?" तिने विचारलं.

काका मान खाली घालून म्हणाले, "वाळतं."