नावेच्या बरोबर खाली

स्कूटर सापडली. साइडकारसकट, उजव्या बाजूला, बारा मीटरवर. आता हे विसरावं, कारण हृषीकेशनेही तेच ठरवलं. त्या सकाळी तलावात काहीही सापडलं नाही.

तर काहीही न सापडलेल्या त्या सकाळी तो नावेच्या कडेला ओणवा होऊन पाइपाचा क्लॅम्प कसत होता. पाइपाच्या बुडाशी पाण्यात आवाज सोडणारे हातभर लांबीचे दोन काळे ट्रान्सड्यूसर होते, एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, अबोला धरलेल्या जावांसारखे. पोलोग्राउंडच्या कारखान्यात त्यानेच ते घडवले होते. हौदात ते उत्तम चालले, पण मालकांना मासेमारीच्या खऱ्या नावेवरची चाचणी हवी होती. समुद्र इंदूरला यायला तयार नव्हता, म्हणून शहराबाहेरचा हा तलाव आणि उदयसिंहची नाव.

मासे कुठे असतात हे उदयसिंहला यंत्राशिवायच ठाऊक होतं. त्याचं दुखणं वेगळं होतं. बांधापाशी एका जागी त्याचं जाळं दर वर्षी फाटायचं.

"दिखा दो भिया," दोराला बांधलेला लोखंडी आकडा पुढ्यात ठेवून तो म्हणाला, "खेंच के बाहर करता हूँ."

यंत्र दोन्ही अंगांना आवाज सोडायचं, परत येणारा ऐकायचं, आणि पडद्यावर तळाचं पिवळट चित्र सरकत राहायचं. वस्तू उजळ दिसे, तिच्यामागे काळी सावली पडे. ओळख पटायची ती सावलीवरूनच. चित्राच्या मधोमध मात्र एक काळा पट्टा. बाजूला पाहणाऱ्याला स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही.

पहिल्या फेरीत चिखल दिसला. दुसऱ्या फेरीत सावली आली: हँडल, सीट, आणि शेजारी पाळण्यासारखा डबा.

हृषीकेशने आधीच घट्ट असलेला क्लॅम्प आणखी कसला.

तसला डबा अख्ख्या इंदुरात एकच होता. गुडघ्यांमुळे त्याच्या आईला, इंदुमतीला, स्कूटरवर मागे बसवेना, म्हणून हृषीकेशच्या वडिलांनी, विजयने, पत्रा ठोकून तो स्वतः केला होता. इंदुमतीने तो बघितला आणि जुन्या इंदूरची सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात सांगितलं, की या डब्यात मी मेले तरी बसायची नाही, बुडवा नेऊन तळ्यात. विजयने किक मारली आणि तो गेला. त्याला अकरा वर्षं झाली.

पोलिसांना शेजाऱ्यांनी ते वाक्यही सांगितलं होतं. पण तळी कुणी धुंडाळली नाहीत, कारण सव्वीस वर्षांच्या संसारात विजयने बायकोचा एकही शब्द ऐकलेला नव्हता. माणूस रुसून कुठेतरी निघून गेला, असं सर्वानुमते ठरलं. इंदुमतीचं मंगळसूत्र जागेवर राहिलं, राग ताजा राहिला. आणि त्या स्कूटरचा विमा ती दर वर्षी भरायला लावायची. परत येताना चालान कटायला नको.

"ठूंठ आहे," हृषीकेश म्हणाला. "बाभळीचा तुटका बुंधा."

उदयसिंहने पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"तीन पहियों का?"

हृषीकेशने पडद्याचा उजेड कमी केला.

"पहचान का है?"

"घरचं आहे."

उदयसिंहने आकड्याचा दोर गुंडाळून पायाखाली सारला. फेरी परत मारावी लागेल का, असं त्याने विचारलं, आणि मारायची तर कुठून.

"बरोबर वरून," हृषीकेश म्हणाला.

या वेळी चित्र साफ आलं. डावीकडे चिखल, उजवीकडे चिखल, मध्ये काळा पट्टा. पट्टा त्या जागेवरून सरकत असताना उदयसिंहने पाण्याला बोटं लावून कपाळाला लावली. हृषीकेश तेव्हा दुसऱ्या फेरीचं चित्र पुसत होता.

काठाला लागल्यावर उदयसिंह सहज बोलल्यासारखा बोलला. बांधाची दुरुस्ती निघाली होती, उन्हाळ्यात पाणी सोडून देणार होते.

"जून में तो यहाँ बच्चे क्रिकेट खेलेंगे, भिया."

संध्याकाळी इंदुमती पोह्यांवर शेव घालत होती.

"काय दिसलं रे तुझ्या मशीनला?"

"चिखल."

"एवढ्या खटाटोपानंतर? तो तर मी घरबसल्या सांगितला असता."

त्याने दोन घास खाल्ले. बशीतली शेव एका बाजूला केली.

"आई, बाबांनी तुझं कधी काही ऐकलं का गं?"

"एकदा जरी ऐकलं असतं ना," ती म्हणाली, "तरी मी बसले असते त्या डब्यात."

मग तिने त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले आणि विमा बुधवारी संपतोय याची आठवण दिली. "आले की आधी पोलीसवाला धरेल. माझी बारी त्यानंतर."

त्याने तिच्यासमोरच मोबाइलवर विमा भरला. आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तलाव सांभाळणाऱ्या खात्याला एक अर्ज लिहिला. अर्ज मराठीत होता, त्यामुळे कार्यालयात तो कुणी वाचणार नव्हतं. हिंदीत असता तरी वाचला नसता.

"माननीय कार्यपालन यंत्री महोदय यांसी सविनय सादर. सदर तलावातील पाण्याची पातळी बांधालगत सहा मीटरच्या खाली जाऊ देऊ नये. दुरुस्ती, गाळ काढणे, उन्हाळा इत्यादी कामे पुढे ढकलण्यात यावीत. ही व्यवस्था कायमस्वरूपी नको आहे. अर्जदाराची आई एकोणसत्तर वर्षांची आहे."