शांतिबनची कमान आणि संजनाचा टेम्पो

शांतिबन कॉलनीत शांतता राखण्यासाठी दर आठवड्याला बैठक भरते आणि तिचा आवाज सातपूरपर्यंत जातो. गेलं वर्षभर बैठकीला विषय एकच होता: संजनाचा टेम्पो.

संजना कोपऱ्यावरच्या घरात राहते. नवरा धम्मपाल सिन्नरच्या कारखान्यात पाळीवर जातो, मुलगी सृष्टी शाळेत जाते आणि संजना स्वतः टेम्पो चालवते. दिवसा सातपूरच्या कारखान्यांचा माल, पहाटे मळ्यांतली फुलं-भाजी बाजारात. टेम्पो तिच्या घरासमोर उभा राहतो. राहत्या वस्तीत मालवाहू गाडी नको, असं समितीचं म्हणणं. समितीचे अध्यक्ष ज्ञानेशकाका बँकेतून निवृत्त झालेले. आता नाही म्हणायला समोर कर्जदार नाहीत, म्हणून त्यांनी टेम्पो धरला होता.

अर्ज झाले. एका कचेरीनं सांगितलं, गाडी आमच्याकडे येत नाही, आमच्याकडे फक्त रस्ता येतो. दुसरी म्हणाली, रस्ता आमच्याकडे येत नाही. शेवटी समितीनं ठरवलं, कॉलनीच्या तोंडाशी लोखंडी कमान लावायची. खालून मोटारी जातील, टेम्पो अडेल. परवानगी मागितली तर नाही म्हणतील, म्हणून मागितली नाही.

काम शनिवारी झालं. शनिवारी सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे वेल्डर खंडेराव मोकळा होता. कारखान्यांना सुट्टी म्हणजे संजनालाही सुट्टी, आणि संजनाला सुट्टी म्हणजे टेम्पो घरी, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळी समिती चहा पीत कमानीकडे बघत होती. टेम्पो त्यांच्या पाठीमागे उभा होता.

संजना सृष्टीला घेऊन माहेरी गेली होती. संध्याकाळी परतली तर कॉलनीच्या तोंडाशी कमान.

"काका, हे काय?"

"तुझा टेम्पो आत येऊ नये म्हणून."

"तो आतच आहे."

ज्ञानेशकाकांनी वळून पाहिलं. टेम्पो होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तरी होता.

"तुम्हाला तो कॉलनीत नको होता ना?" संजना म्हणाली. "आता तो कॉलनी सोडून कुठंच जात नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मळ्यातून नवसाबाई बोलत होती, आणि तिचा आवाज स्पीकरशिवायच सगळ्या समितीला ऐकू गेला. "संजे, झेंडू तोडायला बाया लावल्यात गं. उद्या सकाळी गाडी घेऊन ये. दसरा गेला की कुत्रं नाय विचारत झेंडूला. तुझ्याच भरवशावर हाय मी."

"येते मावशी," संजना म्हणाली आणि कमानीकडे बघत राहिली.

काकांनी खंडेरावला फोन केला. तो गावी पोचला होता. "आता पुढच्या शनिवारीच," तो म्हणाला. "आणि पक्कं काम केलंय साहेब, काळजी नको."

रविवारी सकाळी अख्खी कॉलनी कमानीखाली जमली. संजनानं टेम्पो आणून उभा केला. ताडपत्री टाकायचा, गाडीला पक्का जोडलेला लोखंडी सांगाडा कमानीला अडत होता. ललित, म्हणजे समितीचा तरुण इंजिनिअर, वर चढून म्हणाला, "चार बोटं जास्त आहे."

चाकांतली हवा थोडी सोडली. "दोन बोटं."

"माल भरला की गाडी खाली बसते," संजना म्हणाली.

"मग भर की माल!"

"माल मळ्यात आहे, काका. तो आणायलाच निघालेय."

यावर समितीला ठराव सुचेना. तेव्हा अंबूबाई, ज्ञानेशकाकांच्या सौभाग्यवती, पदर खोचून पुढे झाल्या. "स्टूल द्या रे कुणी. डॉक्टर वर्षभर म्हणताहेत वजन कमी करा. बरं झालं ऐकलं नाही ते."

"अगं, तू कुठं चढतेस?"

"तुम्ही लावलेल्या कमानीखालून जातेय. तुम्हीही चढा. खातापिता माणूस आहात."

मग सगळेच चढले. तक्रारीवर सह्या केलेले पुढे, न केलेले मागे. ललित सांगाड्याला धरून उभा राहिला. काकांना गुडघ्यामुळे मागे चढता येईना, म्हणून केबिनमध्ये बसवलं. गाडी सरळ करायला संजनानं रिव्हर्स टाकला आणि रिव्हर्सच्या हॉर्नचं गाणं सुरू झालं.

काका ताडकन उठले आणि टपाला डोकं आपटलं. "हेच! हेच ते! रोज पहाटे याच आवाजानं जाग येते, मग झोप नाही."

"मग सांगायचं ना, काका. वर्षभर नुसतं राहती वस्ती, राहती वस्ती."

"अर्जात झोपेचा कॉलम नसतो."

"गाडी तोंड बाहेर करून लावली तर पहाटे रिव्हर्स घ्यावाच लागत नाही."

"मग तशी का लावत नाहीस?"

"तशीच लावत होते. तुम्हीच म्हणालात, टेम्पोची पाठ आमच्या दाराकडे नको, बरं दिसत नाही."

काका थोडा वेळ काच खाली-वर करत बसले.

टेम्पो इंच इंच पुढे सरकला. ललित वरून ओरडत होता, "सगळे खाली बसा! काकू, श्वास सोडा!" सांगाडा कमानीला नखभरही न लागता निघाला. मागे टाळ्या झाल्या. बाहेर येऊन संजनानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि टाळ्याही हळूहळू बंद झाल्या. टेम्पो आता बाहेर होता. समिती जिंकली होती.

"उतरा सावकाश," संजना म्हणाली. "उपकार झाले."

"आणि परत कशी येशील?" अंबूबाईंनी विचारलं.

"परतताना गाडी रिकामी असते, काकू. आत येणार नाही. लांब मैदानावर लावीन. पण पहाटे अंधारात एकटीनं तिथवर जायचं म्हणजे... बघू. नाहीच जमलं तर विकून टाकीन."

कुणी उतरेना. उतरायला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.

"दुपारी केव्हा येतेस?" अंबूबाई म्हणाल्या.

"जेवणाच्या वेळेला."

"ये. आम्ही इथं थांबतो. बसतो आणि आत नेतो."

सगळ्यांनी केबिनकडे पाहिलं. अध्यक्षांनी काच खाली केली. मग म्हणाले, "तोंड बाहेर करून लावायची."

"आणि पाठ तुमच्या दाराकडे?"

"असू दे. पाठ गात नाही."

नवसाबाईचा झेंडू वेळेत बाजारात पोचला. दुपारी रिकामा टेम्पो कमानीशी आला, तेव्हा समिती छत्र्या घेऊन उभी होती. पुढचा आठवडाभर हेच. रोज पहाटे डोळे चोळत टेम्पोत बसून गाडी बाहेर काढायची, चालत परत यायचं, दुपारी पुन्हा बसून आत आणायची. वर्षभरात एकमेकांशी न बोललेली दोन घरं टेम्पोच्या फाळक्याला टेकून बोलू लागली. कुणी चिवडा आणला. ज्ञानेशकाकांना पहाटे आता गाण्यामुळे नव्हे, अंबूबाईंमुळे जाग येई. त्याविरुद्ध अर्ज करता येत नाही.

शनिवारी खंडेराव आला. "उंच करू की काढूनच टाकू?"

"काढ," अध्यक्ष म्हणाले. "पक्कं काम आहे, वेळ लागेल तुला."

सुट्टी असूनही मळ्याची जादा फेरी करून संजना संध्याकाळी परतली तेव्हा रस्ता मोकळा होता. तरी कॉलनीच्या तोंडाशी पाच-सात जण येऊन उभे होते. काका, काकू, ललित. गाडी आपली आपण आत जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला हलावंसं वाटत नव्हतं.

संजनानं टेम्पो थांबवला आणि उतरून मागचा फाळका पाडला.

"वजन नको आता," ती म्हणाली. "पण बसा."