माझ्या डोक्यावर बसलेली इमारत

या, टेका कोपर. बिनधास्त टेका, मला सवय आहे. मी एका हार्डवेअरच्या दुकानाचा काउंटर बोलतोय. कड्या, कुलपं, खिळे, बिजागऱ्या, नळ आणि नळाचे वॉशर, एवढा आमचा पसारा. मालक माझ्यामागे, गिऱ्हाईक माझ्यापुढे, आणि दोघांमध्ये जे काही चालतं ते सगळं माझ्या अंगावरून जातं. म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. ऐकायला मात्र हल्ली कुणाला वेळ नसतो.

मालकाने दुकान काढलं तेव्हा सुतार त्याला म्हणाला होता, "प्लायवूडचा करू, दिसायला तोच आणि खर्च निम्मा." मालक तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, पण धंद्याचं डोकं उपजतच. तो म्हणाला, "गिऱ्हाईक टेकलं की काउंटर हलता कामा नये. काउंटर हलला की गिऱ्हाइकाला वाटतं, मालही असाच असणार." म्हणून मी सागवानी झालो. जाड, जड आणि, आता स्वतःच्या तोंडाने सांगतो, देखणा.

माझ्यावर टेकून माणसं काय काय बोलून गेलीत! एकदा एक नवं जोडपं भांडत भांडत दुकानात आलं. दोघांना आपापल्या कपाटासाठी वेगवेगळं कुलूप हवं होतं. मालकाने दोघांचं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि दोन किल्ल्यांचं एकच कुलूप काढून ठेवलं. "एक किल्ली तुमची, एक यांची. कपाट एकच ठेवा, जागा वाचेल." पुढे तीच दोघं पाळण्याचा हूक न्यायला आली. अशी गिऱ्हाइकं मी बघितलीत. बोटांनी माझ्यावर ताल धरणारा हमखास घेऊन जातो. दोन्ही हात खिशात घालून "नुसतं बघतोय" म्हणणारा भाव विचारतो आणि शेजारच्या गल्लीत जातो.

या सगळ्यांत माझ्या लाडक्या म्हणजे वरच्या काकू. आमच्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या, शिवणकाम करायच्या. मशीनचं तेल न्यायला म्हणून यायच्या आणि अर्धी सकाळ माझ्यावर कोपर टेकून उभ्या राहायच्या. कुणाच्या ब्लाउजचं माप वाढलं, कुणाचं लग्न मोडलं, सगळी खबर आधी माझ्या कानावर. मग त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. इमारतीला लिफ्ट नाही, जिना उभा आणि अरुंद. काकू घरात बसल्या त्या बसल्याच. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, मालक तेलाची बाटली ठेवायचा, टोपली वर जायची. टोपलीला कोपर नसतं हो. मला काय मिळणार त्यातून?

अशात एक दिवस तो आला. बिल्डरचा माणूस. त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण कशालाही त्याचं उत्तर एकच, "होऊन जाईल!" पार्किंग मिळेल का? होऊन जाईल. पाणी दोन्ही वेळा येईल? होऊन जाईल. सगळे त्याला 'होऊन जाईल'च म्हणू लागले आणि त्यालाही ते आवडलं. माणूस वाईट नव्हता. सकाळी दुकान उघडायच्या आधी हजर, चेहऱ्यावर हसू, आणि त्या हसण्यावर त्याचा स्वतःचाही विश्वास. "शेठ, पॉझिटिव्ह राहा. हा सगळा भाग बदलतोय. पलीकडे रुंद रस्ता झाला, बस आली, दवाखाना आला. तुमचीच इमारत का मागे राहावी?"

बोलणं खोटं नव्हतं. आमच्या इमारतीच्या खांबांना तडे गेले होते, छताचे पोपडे मालकाच्या चहात पडायचे. इमारत पाडून नवी बांधायची, प्रत्येकाला आताच्यापेक्षा मोठं घर, मालकाला रस्त्यावरच दुकान, आणि लिफ्ट. फक्त सगळ्यांच्या सह्या व्हायच्या होत्या, आणि लोक अजून थोडं जास्त मिळतंय का ते बघत होते. मीही म्हटलं, छान! होऊ दे की.

मग त्याने नव्या इमारतीची प्रतिकृती आणली आणि दुकानात सगळ्यांची ये-जा असते म्हणून ती ठेवली. कुठे? माझ्या डोक्यावर!

काय सांगू तिचा तोरा. पुठ्ठा आणि प्लॅस्टिकची ती चिमुरडी, पण राहायला काचेची पेटी. स्पंजची झाडं, बोटाएवढ्या मोटारी, गच्चीवर पांढरी टाकी आणि टाकीशेजारी उभी दोन इवलीशी माणसं. बटण दाबलं की खिडक्यांत दिवे लागायचे. जन्मात एक खिळा तोलला नाही तिने. आणि माणसं तिच्यापुढे अशी उभी राहायची, जणू सोन्याची खाणच लागली.

मी जळलो. लपवत नाही, चांगला जळलो. रोज सकाळी मालक आधी माझ्या पाठीवरून फडकं फिरवायचा. आता फडकं आधी काचेवर, आणि उरलीसुरली धूळ माझ्यावर. माझ्या अंगावर चहाच्या ग्लासांचे गोल डाग आहेत, तिच्याजवळ चहा न्यायचीही बंदी. "अहो, जरा लांबून. काचेला हात नको." आणि टेकायचं कुणावर? माझ्यावर! नजर तिच्यावर आणि भार माझ्यावर, असा तो संसार.

पण जळणारा मी एकटाच नव्हतो. मालकाचे एक साडू आहेत. त्यांची इमारत आधीच नवी झाली होती आणि ते आठवड्यातून एकदा तरी ते सांगायला येत.

"साडूभाऊ, काल सहज बाल्कनीत उभा होतो," साडू माझ्यावर टेकून म्हणाले. "तुमची पाण्याची टाकी दिसली. झाकण उघडं आहे बरं का."

"तुमची नजर चांगली आहे," मालक म्हणाला.

"नजर कसली, उंचीच तेवढी आहे!" साडू हसले. मग प्रतिकृतीकडे बघून म्हणाले, "अरे वा. अगदी आमच्याएवढीच होणार की. म्हणजे आता आपण समोरासमोर."

साडू गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, मनावर घेऊ नका. ताईचे यजमान बोलतात तसेच."

"मी कशाला मनावर घेऊ?" मालक म्हणाला, आणि दुपारभर खिळ्यांच्या डब्यात स्क्रू टाकत बसला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने शटर अर्धं ओढलं. बिजागऱ्यांचं एक पांढरं खोकं घेतलं, मापात कापलं, पेनाने त्यावर खिडक्या काढल्या. काचेची पेटी उचलून बाजूला ठेवली. आणि दुकानातलाच पक्का डिंक लावून प्रतिकृतीच्या गच्चीवर एक मजला चिकटवून टाकला! पांढरी टाकी आणि ती दोन माणसं उचलून नव्या मजल्याच्या डोक्यावर बसवली. मागे सरकून त्याने बघितलं. "आता बोला, साडूभाऊ," तो स्वतःशीच म्हणाला.

मी आतून खुदकन हसलो. तिच्या डोक्यावर वाकडी टोपी बसली होती. म्हटलं, घे आता, मिरव!

मालकाला वाटलं होतं, साडू एकदा बघून गेले की काढून टाकू. पण संध्याकाळी आधी आले ते इमारतीतले लोक, आणि बघतात तो मजला वाढलेला. खालच्या मजल्यावरचे पेन्शनर ओरडले, "अरे, वाढवून दिला! मी म्हणत नव्हतो, घट्ट धरून बसलं की देतात?" दिवेलागणीला आख्खी इमारत दुकानात. एकाला तिथे हॉल हवा, एकीला मुलांची अभ्यासिका, पेन्शनरांना व्यायामशाळा. मालकाच्या तोंडून खरं काही बाहेर पडेना. आधी लाजेने, आणि मग त्यालाच वाटायला लागलं, इतके लोक म्हणतात तर कोण जाणे, मिळेलही.

'होऊन जाईल' सकाळी आला आणि प्रतिकृतीचे मजले बोटाने मोजू लागला. मग म्हणाला, "शेठ, हे नाही होणार."

त्याच्या तोंडून 'नाही' कुणी ऐकलं नव्हतं.

"जेवढ्या मजल्यांची परवानगी आहे तेवढेच होणार. बिल्डरसाहेब वैतागलेत. पुढच्या गल्लीतली इमारत तयार बसली आहे. उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांची संमती आली नाही, तर ते तिकडे जातील."

पण लोक हटून बसले. दिलेला मजला काढून घेता म्हणजे काय? आणि सगळ्यांत पुढे, छाती काढून, माझा मालक! "एक मजला द्या, मग सही."

खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मोडू दे सगळं, म्हटलं. पेटी जाईल, काच जाईल, फडकं पुन्हा माझं. वर कोण राहतं आणि कुणाचे गुडघे दुखतात, याचा मला त्या घडीला साफ विसर पडला होता. मत्सर असाच असतो, दुसऱ्याची खिडकी बंद करताना आपलं दार लागतंय हे दिसत नाही.

शेवटच्या दिवशी टोपली खाली आली. आत बाटली नव्हती. वरून काकूंचा आवाज आला, "अरे, मला कुणी विचारणार आहे का? मलाही बघायची आहे इमारत."

"होऊन जाईल!" बिल्डरचा माणूस सवयीने बोलून गेला. दोघांनी काचेची पेटी जिन्यातून चढवायला घेतली. पहिल्याच वळणावर ती अडकली, पुढे जाईना की मागे येईना. महाप्रयासाने परत आणली. तेव्हा मालकाने पाइप पोचवणाऱ्या हमालांना वर पाठवलं आणि काकू खुर्चीत बसून, कठड्याला घट्ट धरून, हमालांना शिव्या घालत खाली आल्या. "सावकाश रे! माणूस आहे मी, सिमेंटची गोणी नाही!"

खुर्ची माझ्यासमोर ठेवली. काकू धडपडत उठल्या आणि माझ्यावर कोपर टेकलं. तेच कोपर. थोडं हलकं झालेलं. मी श्वास रोखून धरला, म्हणजे लाकडाला जेवढा धरता येतो तेवढा.

"आजी, हे बघा," 'होऊन जाईल'ने बटण दाबलं.

"आजी कुणाला म्हणतोस? काकू म्हण." त्यांनी चष्मा सावरला. "लिफ्ट कुठली यातली?"

"ती आत असते काकू, बाहेरून दिसत नाही."

"मग मला बाहेरून काय दाखवतोस? माझ्या कामाची तेवढी एकच वस्तू, तीच नाही."

मालक पुढे झाला. "काकू, आपण एक मजला जास्त मागतोय. तुम्हाला सगळ्यात वरचं घर घेऊ. काय वारा, काय उजेड! साडूंच्या इमारतीच्याही वर."

"अरे, वर मी आहेच की," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं वरच आहे. वारा खाऊन खाऊन कंटाळले. तुम्ही सगळे वर जायला भांडताय. मला खाली यायचंय."

पेन्शनर आपल्या चपलांकडे बघायला लागले. काकू तशाच उभ्या होत्या, माझ्यावर भार देऊन, रस्त्यावरून जाणारी माणसं बघत. नवा रस्ता त्यांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला होता.

मालकाने पेटी उचलली. लांबी भरायची पत्ती घेतली, गच्चीखाली घातली आणि जोर लावला. मजला कडकन सुटला, टाकी आणि ती दोन माणसं माझ्या पायाशी घरंगळली. "हा मजला बिल्डरचा नव्हता," तो लोकांना म्हणाला. "माझा होता. साडूंसाठी चिकटवला होता."

आधी पेन्शनर हसले, मग सगळेच. "अरे गाढवा," काकू म्हणाल्या, "साडूला दाखवायला इमारत बांधतात होय?" मालकाने सगळ्यांच्या आधी सही केली. माझ्यावरच टेकून केली, प्रतिकृतीवर नाही. हे आपलं सांगून ठेवतो.

आता जुनी इमारत पाडली. आम्ही रस्त्यापलीकडे भाड्याच्या गाळ्यात आहोत. मलाही इकडे आणलं, चार हमालांना घाम फोडून. काकूंना याच गल्लीत तळमजल्यावर खोली मिळाली आहे. काठी टेकत त्या रोज सकाळी येतात, माझ्यावर कोपर ठेवतात आणि समोरच्या खड्ड्याकडे बघतात. खड्ड्यातून आता खांब वर निघालेत. रोज थोडे उंच दिसतात. 'होऊन जाईल' हात हलवून ओरडतो, "काकू, होतंय!" आणि खरंच होतंय. या भागात आता रया आली आहे. नवं घर म्हटलं की नवी कडी, नवं कुलूप, नवा नळ. आमच्याकडे गर्दी वाढली आहे. पुढे चांगलंच होणार, हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगतो.

प्रतिकृती बिल्डरच्या ऑफिसात गेली. तिथे म्हणे तिला मोठे दिवे लावलेत. लावू देत. गच्चीवर डिंकाचा डाग आहे, तो काही दिव्याने जात नाही.

पण तिच्यावर जळायला आता मला फुरसत नाही. माझ्या डोळ्यांत सलतेय ती लिफ्ट. अजून आलेलीही नाही, आणि काकू दिवसभर तिच्याच गोष्टी करतात. दार आपोआप उघडतं म्हणे. आत आरसा असतो म्हणे. रोज सकाळी काकू आधी तिच्यात पाऊल ठेवणार आणि मग माझ्याकडे येणार. आधी ती!

मालक नव्या दुकानात काचेचा काउंटर करायच्या गप्पा मारतो. मालक, तुझं दुकान, तुझी मर्जी. काच लाव, दिवे लाव. पण मला भंगारात घालण्याआधी एवढं कर. लिफ्टच्या दारासमोर भिंतीला लागून थोडी जागा असेल, तिथे मला उभा कर. काकू खाली येतील, दार उघडेल, आणि गुडघ्यांना पहिला टेकू लागेल तेव्हा समोर मी असेन. तिने आणावं त्यांना खाली, माझी हरकत नाही. ती काही त्यांच्याजवळ थांबायची नाही. कुणीतरी वरून बटण दाबेल, आणि ती जाईल निघून. मी आहे तिथेच असेन.