शेपूट कापलेला लेख

जुना लेख आहे मी, मित्रांनो, आणि वर फुकटचा! नाकं मुरडू नका. फुकटच्या लेखालाही आई असते, आणि माझी आई तर सेंदाईच्या विद्यापीठात भाताच्या वाणांवर संशोधन करते. तिचं नाव कुमुदिनी.

जपानात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिची कचऱ्याची पिशवी जागेवरच राहिली होती, वर लाल चिठ्ठी चिकटवलेली. इथे कचरा कधीही आणि कसाही टाकता येत नाही. जळणारा एका वारी, प्लॅस्टिक दुसऱ्या वारी, बाटल्या धुऊन आणि झाकणं काढून. हे सगळं शिकता शिकता बिचारीच्या नाकी नऊ आले. मग एका सुट्टीच्या दिवशी तिने पदर खोचल्यासारख्या बाह्या सरसावल्या आणि मला लिहिलं: 'कचऱ्याला घाबरू नका'. स्वतःचं कौतुक करू नये, पण काय खुसखुशीत उतरलो होतो हो मी! दह्याच्या डब्याचं झाकण धुताना तिला आलेला राग वाचून लोक खो खो हसत.

तिने मला मोफत लेखांच्या एका संकेतस्थळावर ठेवलं. तिथली रीत सोपी होती. ज्याला आपल्या वेबसाइटसाठी मजकूर हवा त्याने लेख उचलावा, एक पैसा देऊ नये, फक्त शेवटच्या ओळी जशाच्या तशा ठेवाव्यात. माझ्या शेवटी दोनच ओळी होत्या. 'लेखिका: कुमुदिनी, सेंदाई. यातले वार आमच्या गल्लीचे आहेत. तुमचे वार तुमच्या शेजाऱ्यांना विचारा.'

वर्षभरात मी सतरा ठिकाणी राहायला गेलो. क्योतोच्या विद्यार्थ्यांनी नेलं, एका योगवर्गानेही नेलं. एकाच वेळी सतरा घरी पंगतीला बसण्याचं सुख तुम्हा माणसांना कळायचं नाही!

अठरावं घर सेंदाईपासून दूर, एदोगावा भागातलं. तिथल्या एका इमारतीत मीनाक्षी आठ वर्षं राहते आणि तळमजल्याच्या खोलीत दर रविवारी एकोणीस मुलांना मराठी शिकवते. तिच्या नवऱ्याने, विनयने, वर्गाची वेबसाइट केली होती.

"अरे, साइटवर नुसतं वेळापत्रक? कोण थांबणार तिथे?" मीनाक्षी म्हणाली.

झालं! विनयने एका दुपारी बारा फुकट लेख गोळा केले. माझ्या एका बाजूला 'उन्हाळ्यात ताक प्या' आणि दुसऱ्या बाजूला 'बोअरवेलची निगा'. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना बोअरवेल! मी मनातल्या मनात हसत होतो, तेवढ्यात विनय म्हणाला, "ही खालची शेपटं कशाला? डिझाइन बिघडतं." आणि त्याने माझ्या दोन्ही ओळी उडवल्या. फार लागलं मला.

एप्रिलमध्ये त्याच इमारतीत तीन नवी मराठी बिऱ्हाडं आली. त्यांतल्या अनुराधाने मला छापून ओट्यावरच्या फरशीला चिकटवलं आणि बाकी दोघींनाही पाठवलं. मी फुशारलो. सेंदाईच्या त्या गल्लीत जळणारा कचरा सोमवारी जातो, म्हणून तिघींनीही सोमवारी पिशव्या ठेवल्या. इथला वार होता मंगळवार. पिशव्या दिवसभर पडून राहिल्या, कावळ्यांनी फाडल्या, आणि कांद्याची सालं रस्ताभर झाली. ती झाडली कोबायाशी-सान या आजींनी. वय वर्षं ब्याऐंशी, राहणाऱ्यांच्या समितीच्या प्रमुख, आणि तळमजल्याच्या खोलीची किल्ली त्यांच्याचकडे.

तीन सोमवार त्यांनी मुकाट्याने झाडलं. मग मीनाक्षीच्या दाराशी येऊन, कमरेत वाकून त्या म्हणाल्या, "त्या नव्या घरांच्या पिशव्या सोमवारीच बाहेर येतात... आणि ती रविवारची खोली... पुढच्या महिन्यापासून जरा कठीण वाटतंय."

जपानात 'जरा कठीण' म्हणजे चक्क नाही. मीनाक्षीच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या वर्गातली निम्मी मुलं घरी आईबाबांना जपानीतच उत्तरं देतात. मराठी बोलण्याचे तेवढेच दोन तास, आणि तेही जाणार.

ती तडक अनुराधाकडे गेली. "अगं, सोमवार तुला कुणी सांगितला?"

"तुमच्याच साइटवर आहे की, ताई!"

विनयचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने मूळ लेख शोधला, कापलेल्या ओळी वाचल्या आणि सेंदाईला फोन लावला. मी धास्तावलो. आता आई मला इथून काढून घेणार!

"कुमुदिनीताई, मी तुमच्या लेखाखालच्या दोन्ही ओळी कापल्या, तुमचं नावही गेलं. चुकलं माझं."

"वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण दुसरी ओळ का हो कापलीत? ती माझ्यासाठी नव्हती, तुमच्यासाठी होती."

"आता काय करू?"

ती हसली. "त्या ओळीत लिहिलंय तेच करा."

मग विनय आणि मीनाक्षी मला कागदावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर कोबायाशी-सान यांच्याकडे गेले. दोघांनी आधी माफी मागितली. मग मीनाक्षीने माझं एकेक वाक्य जपानीत सांगितलं. दह्याच्या झाकणापाशी कोबायाशी-सान इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला! मग त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली. सोमवार खोडला. कावळे येऊ नयेत म्हणून पिशव्यांवर जाळी नीट पसरण्याबद्दल तीन वाक्यं घातली, त्यांतलं एक जरा खवचट होतं. थंडगार सातूच्या चहाचे दोन पेले झाले.

"आठ वर्षं सांगायला तयार होते मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मीनाक्षीचे डोळे भरून आले.

पुढच्या मंगळवारी तिन्ही बिऱ्हाडांच्या पिशव्या जाळीखाली नीट बसल्या होत्या. साइटवर माझ्याखाली आता असं आहे: 'लेखिका: कुमुदिनी, सेंदाई. या इमारतीपुरती दुरुस्ती: कोबायाशी-सान, तिसरा मजला.' बोअरवेलला मात्र विनयने निरोप दिला.

मित्रांनो, मला खुशाल घेऊन जा, मी नाही म्हणणार नाही. पण कुणी लिहिलं ते माझ्याजवळ राहू द्या, आणि मला घरात लावण्याआधी शेजारचं दार एकदा वाजवा. मी दूरच्या गावचा. तुमच्या गल्लीचं मला काय ठाऊक?

रविवारी कोबायाशी-सान स्वतःच किल्ली घेऊन खाली आल्या. आपलं नाव मराठीत कसं दिसतं ते त्यांना बघायचं होतं. मुलांनी फळ्यावर लिहून दाखवलं. मग त्या घरी गेल्याच नाहीत. मागच्या बाकावर बसून वहीत 'को' गिरवत राहिल्या. आता मीनाक्षीच्या वर्गात वीस मुलं आहेत, आणि खोली कोण उघडणार याची कुणालाच चिंता नाही, कारण विसावं मूल सगळ्यांच्या आधी येऊन बसलेलं असतं.