डब्यातला कापूस

दुरुस्तीला आलेल्या मोहितने ब्लोअरचं तोंड जाळीला लावून बटण दाबलं, आणि कॉम्प्युटरच्या पोटातून कापूस बाहेर पडला. धूळ पडली असती तर कोणी मान वर केली नसती. हा चांगला पांढराशुभ्र, मूठभर कापूस होता. तो खोलीभर उडाला आणि पंख्याखाली दोन गिरक्या घेऊन निवांत हिमानीच्या केसांत जाऊन बसला.

“काका, लूम कधी विकले तुम्ही?” मोहितने विचारलं.

“दिवाळीनंतर,” गिरधरभाऊ म्हणाले.

“आणि आता मे चालू आहे. मागच्या महिन्यात मीच हा डबा पूरा साफ करून दिला होता. मग ही रुई येते कुठून? हा काय आतल्या आत कपाशी पिकवतो?”

हिमानीला हसू आलं नाही. तिने केसांतला कापूस काढला, बोटांत धरून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

डबा तसा अर्धा किलो दराब्याच्या मिठाईच्या खोक्याएवढा. गिरधरभाऊंचा मुलगा अमोल नेपानगरला नोकरीला. त्याने बायकोच्या शिकवणीसाठी तो इंदूरहून आणला होता. त्यावर हिमानी लांबलांबच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवी. डबा एवढासा, आतला पंखा तर बिस्किटाएवढा; पण बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात, जिथे भिंतीवरची पालसुद्धा दुपारी आळीपाळीने एकेक पाय उचलते, तिथे तो पंखा असा काही किंचाळे की शनवारा दरवाजापर्यंतची कबुतरं उडावीत. कालच्या वर्गात एका मुलाने सगळ्यांदेखत विचारलं होतं, “मॅम, आपके यहाँ हेलिकॉप्टर उतरा है क्या?” त्यावर शिकवणीच्या कंपनीचा फोन आला. आवाज असाच राहिला तर पुढच्या महिन्यापासून वर्ग दुसऱ्या मॅडमकडे.

“पंख्याचा दोष नाही, भाभी,” मोहित म्हणाला. “त्याचं काम एकच, आतली गरम हवा बाहेर ढकलायची. जाळी चोंदली की बिचारा दुप्पट पळतो. तुमच्या नाकात कोणी कापूस कोंबला तर तुम्ही काय करणार?”

‘कोंबला’ म्हणताच हिमानीने खिडकीकडे पाहिलं. खिडकीशी तिच्या सासूबाई, धुरपदाबाई, बसल्या होत्या. मांडीवर कापसाचा पेळू, गुडघ्यावर राखेची चिमूट. त्या देवाच्या वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

गिरधरभाऊंनी टेबलावरचा कापूस उचलला. तो वाऱ्याने डब्यात शिरलेला नव्हता. त्याला पीळ होता. वळलेली, बोटाने आत ढकललेली वात होती ती. घरात असा पीळ एकच हात देई.

इथे थोडं मागे जायला हवं, नाहीतर त्या वातीचा उलगडा व्हायचा नाही.

चार यंत्रमाग एका खोलीत चालू असले की तिथे देवाने हाक मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून मागवाल्यांच्या घरी माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही. शब्द नुसता तोंडात घडवून दाखवायचा, समोरच्याने तो डोळ्यांनी उचलायचा. गिरधरभाऊ मागांवर आणि धुरपदाबाई मागांसाठी सुताच्या कांड्या भरायला, असे ते दोघे जन्मभर बोलले. नवी नवरी असताना धुरपदाबाईंनी चौथ्या मागापलीकडून ‘भाजीत मीठ तुमच्या आईनेच दोनदा घातलं’ असं नवऱ्याला सांगितलं, तेव्हा सासूबाई दोघांच्या मध्ये पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि त्यांना मरेपर्यंत पत्ता लागला नाही. पुढेपुढे नवराबायकोची भांडणं अशी रंगत की गल्लीतली माणसं दारात उभी राहत, आणि एक अक्षरही न कळता कोण जिंकलं यावर पैजा लावून घरी जात.

मग गिरधरभाऊंनी माग विकले. घरच्या चार मागांना आता कोणी विचारत नव्हतं, हे खरं. पण विकताना त्यांनी बायकोलाही विचारलं नाही, सांगितलंही नाही. सकाळी भंगारवाल्याची गाडी दारात आली तेव्हाच तिला कळलं. ती काही बोलली नाही. माग गेले, फरशीवर बोल्टांची भोकं राहिली, आणि घरात शांतता येऊन बसली.

त्या शांततेत नवऱ्याशी तोंड उघडून आवाजाने बोलायचं म्हणजे धुरपदाबाईंना चारचौघांत पदर ढळल्यासारखं होई. त्या बोलत, पण पाहुण्याशी बोलावं तसं. “जेवायला बसता का?” “अजून वाढू का?” गिरधरभाऊ ‘हो’ म्हणत, ‘पुरे’ म्हणत. ती कधीतरी बोलेल, मागांबद्दल जे बोलायचं ते एकदा बोलून टाकेल, शिव्या देईल, याची ते वाट पाहत होते. वाट पाहता पाहता त्यांच्या अंगातलं काहीतरी झोपी गेलं. हिवाळ्यात उंबऱ्याची ठेच लागून अंगठ्याचं नख निघालं, तेही हिमानीने फरशीवरचं रक्त दाखवलं तेव्हा त्यांना कळलं. गरम चहा आणि गार चहा त्यांना सारखाच लागे. अमोलने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. गिरधरभाऊंनाही तसंच वाटत होतं. सगळं ठीक होतं, फक्त ते लांब कुठेतरी दुसऱ्याच कुणाच्या घरात चाललं होतं.

ऊन वाढलं आणि डब्याचा पंखा ओरडू लागला. हिमानी दुपारी वर जाऊन पडे, डबा मात्र सकाळचे वर्ग इंटरनेटवर चढवत चालूच राही. अशा एका दुपारी पंखा टिपेला पोचला असताना गिरधरभाऊंनी सहज खिडकीकडे पाहिलं. धुरपदाबाईंचे ओठ हलले.

‘आंबे नाही आणले यंदा?’

गिरधरभाऊंना आपलेच ओठ हलताना जाणवले. ‘उद्या आणतो.’

‘गोटी आंबे नका आणू मागच्यासारखे.’

त्या दिवसापासून पंखा ओरडे तोवर दोघं बोलत. शेजारच्या गायत्रीचं लग्न, तापीचं आटलेलं पाणी, सुनेच्या हातची कढी. पंखा थांबला की दोघं थांबत. मागांचं वाक्य मात्र अजून आलं नव्हतं. एकदोनदा ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं, हे गिरधरभाऊंनी पाहिलं होतं.

आणि आता मोहित, हिमानी आणि टेबलावरची ती वात.

“आई,” हिमानी हळूच म्हणाली, “तुम्ही वाती...”

“मी घातला कापूस,” गिरधरभाऊ म्हणाले.

मोहितने ब्लोअर खाली ठेवला. “तुम्ही? काका, कशापायी?”

“अरे, लूमवर आम्ही कानात कापूस घालायचो. मला वाटलं, हा एवढा ओरडतो, याच्याही कानात घालावा.”

मोहित इतका हसला की त्याच्या हातातला स्क्रू खाटेखाली गेला. “काका, तुम्ही तर कमाल केली! कानात समजून त्याच्या नाकात घातला की!”

हिमानीने सासऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. ती गणिताची मास्तरीण होती, उत्तर तिला आलं असावं. पण ते तिने फळ्यावर लिहिलं नाही. “पप्पा, यापुढे प्लीज काही घालू नका,” एवढंच म्हणाली. “माझं काम जाईल.”

“नाही घालणार.”

खिडकीशी धुरपदाबाईंचा हात थांबला होता. मग तो परत सुरू झाला.

मोहितने पंखा बदलला, आत टूथपेस्टसारखं काहीतरी राखाडी लावलं, बाटल्यांची चार झाकणं चिकटवून डब्याला पाय केले आणि तो भिंतीपासून लांब सरकवला. डबा चालू झाला. चालू झाला हे त्याच्या हिरव्या दिव्यावरून कळलं, एवढंच. संध्याकाळचा वर्ग असा झाला की मुलांना फक्त मॅडम ऐकू आल्या. कंपनीचा पुन्हा फोन आला नाही. हिमानीने त्या आठवड्यात पहिल्यांदा शिट्टी वाजवत कणीक मळली.

खाली मात्र पुन्हा पाहुणचार सुरू झाला. “जेवायला बसता का?” “अजून वाढू का?” गिरधरभाऊंनी आंबे आणले, चांगले पायरी आणले. धुरपदाबाईंनी ते कापून पुढे ठेवले. दोघांनी खाल्ले. चव असावी.

एकदा दुपारी गिरधरभाऊंनी खिडकीकडे पाहून मुद्दाम ओठ हलवले. ‘बोल ना.’ धुरपदाबाईंनी मान दुसरीकडे केली. शांत खोलीत ओठांनी बोलणं म्हणजे दिवसाढवळ्या कंदील घेऊन फिरणं. गिरधरभाऊंनाच ते खुळचट वाटलं.

मग एके सकाळी त्यांनी स्कूटर बाहेर काढली.

“चल,” ते म्हणाले.

“कुठे?”

“बस तर.”

धुरपदाबाईंनी पदर खोचला, चपला घातल्या आणि मागे बसल्या. राजपुऱ्यात दगाचा कारखाना होता. दगा गिरधरभाऊंचा जुना जोडीदार. त्याचे माग अजून चालू होते, दोन ओळींत भिंतीपासून भिंतीपर्यंत. दारातच आवाज अंगावर आला. दगाने लांबून हात केला, काय काम म्हणून बोटांनी विचारलं. गिरधरभाऊंनी हातानेच सांगितलं, काही नाही, तू तुझं चालू दे.

ते दोघे दोन ओळींच्या मध्ये जाऊन उभे राहिले. जमीन तळव्यांखाली थरथरत होती. नाकात सुताचा आणि तेलाचा वास शिरला. धुरपदाबाई जवळच्या मागाकडे पाहत राहिल्या. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांचे ओठ हलले.

‘गाडी आली त्याच्या आदल्या दिवशी मी दिवसभर कांड्या भरल्या.’

गिरधरभाऊ पाहत होते.

‘टोपली भरून. उद्याच्या मागांना. तुम्ही समोर होतात. तुम्हाला माहीत होतं, उद्या माग नाहीत.’

‘होतं.’

‘तरी भरू दिल्यात.’

गिरधरभाऊंच्या ओठांवर एकेक करून शब्द आले. ‘वाटलं, असं ओठांवर सांगू नये. माग बंद करून, नीट आवाजाने सांगावं. रात्री बंद केले. आणि बंद केल्यावर बोलताच येईना.’

धुरपदाबाईंनी त्यांचं तोंड पुन्हा एकदा वाचल्यासारखं निरखून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं की सुताचा कण गेला होता, कोण जाणे. गिरधरभाऊंना अचानक छातीत दुखलं. चांगलं, खणखणीत दुखलं. त्यांनी तिथे हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

‘सहा महिने,’ धुरपदाबाईंचे ओठ आता भरभर हलत होते, ‘सहा महिने त्या घरात मी भुतासारखी वावरले. एक शब्द, चांगला नाही तर वाईट, एक शब्द तोंडातून काढला असतात, तर...’

तेवढ्यात लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले. धोटे जिथल्या तिथे राहिले. आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, धुरपदाबाईंचा नकळत फुटलेला आवाज खणखणला:

“...तर मेला असतात का?”

मागांवरची सगळी माणसं वळून पाहू लागली. दगा टॉवेलने हात पुसत धावत आला.

“काय झालं वैनी? काय झालं?”

गिरधरभाऊंनी बायकोकडे पाहिलं. आता ती मान खाली घालेल, पदर ओढून घेईल आणि दाराकडे चालू लागेल, असं त्यांना वाटलं. धुरपदाबाईंनी घसा साफ केला.

“काही नाही, दगाभाऊ,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “आम्ही बोलतोय.”

दगाने एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली दोन स्टुलं आणून समोरासमोर ठेवली, आणि आपल्या माणसांना घेऊन चहाला बाहेर गेला.