हसण्यावारी गेलेली जमीन

आमच्या म्लेलेनी गावाची जमीन गेली त्या दिवशी सगळा गाव हसत होता.

आम्ही झारामो जमातीचे. सुकुमा जमातीचे लोक आमचे थट्टेचे सोयरे. पणजोबांच्या काळात मारामाऱ्या करून थकल्यावर दोन्हीकडच्यांनी हे नातं जोडलं म्हणतात. सुकुमा माणसानं आमच्या दारातून कोंबडी उचलली तरी आम्ही रागवायचं नाही. उलट म्हणायचं, "कोंबडी काय नेतोस भिकारड्या, बकरी ने, सासू ने!" मग तो बकरी नेत नाही, आणि सासू तर नाहीच नाही. मयताच्या घरीसुद्धा सुकुमा सोयरा जनाजा अडवतो, मेलेल्याची नक्कल करतो, आणि रडणारी माणसं पोट धरून हसतात. या नात्यात जो चिडला तो हरला. जीभ दोन कामांसाठी दिली, असं आमचे शेख म्विनशेहे गाऊन सांगतात: एक देवाचं नाव घ्यायला, दुसरं सोयऱ्याच्या मनातलं विष उतरवायला.

या कामात कोंडोचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. दात चार उरलेले, पण जीभ धारेची. त्याची धाकटी बहीण चाउसिकू विधवा. ओढ्याच्या वळणावर तिचं शेत. त्यात मका, कसाव्याचे कंद, आणि बांधाला काजूची झाडं. तिच्या मक्यावर तिची लेकरं जगत आणि खरं सांगायचं तर कोंडोचीही, कारण तो बोलण्यातून उठून कुदळीपर्यंत क्वचितच पोचे.

जिल्ह्याचा शेती अधिकारी लुहेंदे जीपमधून आला. बरोबर एका परदेशी कंपनीचे दोन गोरे, उन्हानं लाल झालेले. आंब्याखाली गावसभा भरली. शेखसाहेबांनी दुआ केली, आम्ही आमीन म्हटलं, आणि लुहेंदे उभा राहिला.

"परदेशात कायदा झालाय," तो म्हणाला, "की गाड्यांच्या तेलात झाडाचं तेल मिसळायचं. आपल्या सरकारनं या पिकाला हात दिलाय. कंपनीला यंत्रांवर कर नाही, जमिनीला नाममात्र भाडं. पीक तुमच्या ओळखीचंच आहे. थडग्याचा एरंड!"

सभेत खसखस पिकली. हा एरंड आम्ही कबरींच्या भोवती लावतो. बी विषारी, बकरी तोंड लावत नाही, म्हणून मेलेल्यांना निवांतपणा मिळतो. जिवंत माणसाच्या शेतात तो लावायचा, हे ऐकूनच लोकांना गंमत वाटली.

कोंडोनं बसल्या जागेवरून विचारलं, "साहेब, कुठले म्हणायचे आपण?"

"शिन्यांगाचा. सुकुमा," लुहेंदे हसून म्हणाला.

झालं! आंब्याखाली एकदम जत्रा भरली. बायकांनी टाळ्या पिटल्या. आपला सोयरा आला! आता जे बोलणं होईल ते थट्टेचं, हे दूधपित्या पोरालाही कळत होतं.

लुहेंदेही रंगात आला. "तुम्ही झारामो रात्रभर ढोल बडवता, दिवसभर घोरता. एवढी जमीन पडीक पाडलीत. द्या आम्हाला!"

"घे की!" कोंडो उठला. "ओढ्यापर्यंत घे! ओढा घे, त्यातले बेडूक घे! हे बघ, ही माझी बहीण. हिचं शेत घे, हिलाही घे. दाजी, फक्त परत आणून सोडू नकोस, ती जेवते फार!"

"मेल्या, तुझ्याच ताटातलं जेवते वाटतं!" चाउसिकू ओरडली, आणि तीही हसता हसता खाली बसली.

"मग सगळ्यांची मंजुरी?" लुहेंदेनं विचारलं.

"मंजूर! मंजूर!" दोन्ही हात वर. काहींनी तर पायही वर केले. कारकून खाली मान घालून लिहीत होता. लोकांना वाटलं, तोही थट्टेतच सामील आहे.

मका कंबरेएवढा झाला तेव्हा पिवळी यंत्रं आली. चाउसिकू शेतावर पोचली तोवर काजूची झाडं मुळं वर करून आडवी पडली होती. उभा मका चाकांखाली गेला होता. ओढ्यापर्यंतच्या बाकीच्यांच्या शेतांचंही तेच झालं.

ती भावाच्या दारात गेली. तिनं शिवी दिली नाही. नुसतं म्हणाली, "चल. जिथं दिलंस तिथून परत आण."

आम्ही काहीजण त्यांच्याबरोबर जिल्ह्याला गेलो. लुहेंदे कचेरीच्या पायरीवरच भेटला.

"दाजी, थट्टा पुरे झाली," कोंडो हात जोडून म्हणाला. "शेत सोड."

"कसली थट्टा? गावसभेनं हात वर करून मंजुरी दिलीय."

"अरे, तू सुकुमा, आम्ही झारामो! तू मागितलंस, आम्ही दिलं. देण्याची रीत आहे ती. न्यायची रीत कुठे आहे?"

"सरकारी सभेत मी अधिकारी असतो, म्हातारबा."

"मग हसत कशाला होतास?" चाउसिकूनं विचारलं. ती सरळ त्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. "चला. शेताबरोबर बहीणही दिलीय ना? घर कुठंय आपलं? चूल मातीची आहे की गॅस?"

पायरीवरचे शिपाई फिदीफिदी हसले. लुहेंदेच्या कानशिलाच्या शिरा ताठल्या. "उतर खाली! उतर, नाहीतर पोलिसांना बोलावतो!" आणि त्यानं तिचा दंड धरून खेचलं.

"चिडला!" कोंडो ओरडला. "सुकुमा चिडला! हरला!"

खरंच हरला होता. पण हरलेल्याकडे जमीन राहिली आणि जिंकलेले आम्ही चालत घरी आलो. वाटेत कोंडो एकदाच बोलला, "त्याला ठाऊक होतं गं." चाउसिकू म्हणाली, "आणि तुला जमीन कुणाची ते ठाऊक नव्हतं?" त्यानंतर तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

पुढचं सांगताना माझ्या तोंडाला कडू चव येते. एरंडाला पाणी लागत नाही म्हणाले होते. कंपनीनं ओढ्याला पंप लावला. कामं मिळतील म्हणाले होते, मिळाली. चाउसिकू स्वतःच्याच शेतात मजुरीनं एरंड लावायला गेली, आणि त्या मजुरीतून दुकानातलं मक्याचं पीठ आणू लागली. आधी ती मका विकत असे. आता सारा गाव पीठ घेणारा आणि पिकवणारा कुणी नाही, तेव्हा दुकानदारानं भाव वाढवला. त्याला दोष कसा देऊ? जिल्ह्याच्या बाजारातच मका महागला होता. सरकारनं कर सोडला तो कंपनीचा. आमच्या पिठावरचा भार सोडायला कुणी आलं नाही. परदेशातली गाडी पोटभर पीत होती की नाही देव जाणे, चाउसिकूच्या घरी मात्र मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा दिवसेंदिवस लहान होत गेला.

त्या वर्षी मौलूदला, पैगंबरांच्या जन्मदिवशी, शेखसाहेबांचा आवाज फाटला होता. "भुकेल्याच्या ताटातलं उचलून ज्यानं चाकाला घातलं," ते गात होते, "त्याच्या दारी देव कोणत्या वाटेनं येईल?" आम्ही ध्रुपद उचललं आणि डोलू लागलो. मागे बसलेला कोंडो तेवढा डोलला नाही. तो उठून बाहेर गेला.

एरंड धड पिकला नाही. जे बी आलं त्याला भाव नव्हता. तिकडं दूर देशात कुणीतरी मत बदललं म्हणे. गोरे गेले, यंत्रं गेली, पंप गेला. लुहेंदेची बढती झाली. जागेवर आलेल्या नव्या साहेबानं शांतपणे सांगितलं, "जमीन गावाची राहिली नाही. सरकारची झाली. दुसरा गुंतवणूकदार येईपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही."

"आणि तोवर खायचं काय?" चाउसिकूनं विचारलं.

साहेबानं फाइल मिटली.

दुसऱ्या दिवशी, चांगलं ऊन वर आल्यावर, सगळ्यांच्या देखत ती कोयता, कुदळ आणि कसाव्याच्या काड्यांची मोळी घेऊन निघाली. तारेच्या कुंपणाखालून वाकून आत शिरली आणि एरंडाचं पहिलं झाड मुळापासून उपटलं. चीक हातांवर उडाला. तिनं तो लुगड्याला पुसला आणि दुसऱ्या झाडाला हात घातला. आम्ही तारेबाहेर उभे होतो. पोलिसांच्या गाडीच्या आवाजाकडे प्रत्येकाचे कान.

थोड्या वेळानं कोंडो आला. हातात शेजाऱ्याकडून मागून आणलेली कुदळ. तारेखालून सरपटताना त्याचा सदरा फाटला. तो बहिणीपासून चार हातांवर उभा राहिला आणि सवयीनं त्याचं तोंड उघडलं.

"एक शब्द नको," चाउसिकू म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती. "तिकडची दगडाची बाजू तुझी. मुळं खोल आहेत. अर्धी तोडून ठेवलीस तर पुन्हा फुटतील."

कोंडोनं तोंड मिटलं, दगडाच्या बाजूला गेला आणि कुदळ घातली.