नळ चालू आहे

सोमवारी सकाळी उज्ज्वला घोडेगावच्या कार्यालयातल्या मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची आणि तिची टीम पडद्यावर यायची. पूर्वी ही टीम याच खोलीत होती. गावोगावच्या पाण्याच्या तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर त्यांनी इथंच उभं केलं. पुढच्या पंधरवड्यात कुणी काय करायचं, हे फळ्यापुढं भांडून ठरायचं, आणि भांडण मिटलं की रत्ना डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना वाढायची. मग टीम पुण्याला हलली. तालुक्यात कुणीतरी हवं, म्हणून उज्ज्वला राहिली. तिचं पिंपळवंडीचं माहेरचं घर भावाच्या संसारानं भरलेलं. ती घोडेगावातच खोली घेऊन राहायची.

आता बैठकीत सगळ्यांचे कॅमेरे बंद असत. काळ्या चौकोनांतून नुसते आवाज येत.

त्या सोमवारी टीमप्रमुख बाळासाहेबांनी विषय काढला. "डोंगरातल्या त्या गोजरबाईंची दर आठवड्याला एकच तक्रार, नळाला पाणी नाही. माणूस जाऊन बघतो तर नळ धो धो चालू. असे नंबर आपोआप बंद होतील, अशी सोय करू या. आणि तक्रार मिटल्यावर आपण फोन करतो ना, तोही काढू. मेसेज पुरे."

ते फोन उज्ज्वलाच करायची. गोजरबाईचा आवाज तिला पाठ झाला होता.

"सर, मी एकदा जाऊन बघते."

"जा. पण पुढच्या बैठकीत हे घ्यायचंच."

एसटीनं ती डोंगरातल्या त्या वाडीवर उतरली. भात पोटरीत आलं होतं. गोजरबाई अंगणात नळाखाली हंडाच भरत होती.

"मावशी, नळ तर चालू आहे."

"हाय की. कवाचा चालू हाय."

"मग तक्रार कशाला करता?"

गोजरबाई जरा ओशाळली. "तक्रार केली का तुजा फोन येतो. पोरं चाकणला हायेत, त्यांचाबी येतो. पर ते आपलंच सांगत बसत्यात. तू इचारतीस, अजून काय अडचण हाय का. आसं कोन इचारतं गं?"

ते वाक्य उज्ज्वलानंच कधीतरी रत्नाशी वाद घालून फोनच्या मजकुरात घातलं होतं. म्हाताऱ्या बाईला ते खरं वाटलं होतं. नाचणीची भाकरी खाऊन निघताना तिनं स्वतःचा नंबर दिला. "तक्रार नका करू. मला सरळ फोन करा."

सोमवारी तिनं सगळं सांगितलं. कुणीतरी हसलं. रत्ना म्हणाली, "गोड आहे गं, पण हे सिस्टीममध्ये कुठं बसवायचं?"

बाळासाहेब म्हणाले, "नंबर बंद नको करू या, तुझं एवढं ऐकतो. पण फोन जाणार. उद्या सगळ्या जिल्ह्याला तू एकटी फोन करणार आहेस का?"

फोनची सोय उज्ज्वलानंच आपल्या हातानं काढून टाकली.

त्यानंतर गोजरबाईची तक्रार आली नाही. फोनही आला नाही. उज्ज्वला जेवताना मोबाईल ताटाशेजारी ठेवायची, वाजला की झडप घालायची. बँकेची जाहिरात असायची. दिवाळी झाली. शेवटी एका दुपारी तिनंच फोन लावला.

"कोन?"

"मी उज्ज्वला, घोडेगावची. पाणी येतंय ना, मावशी?"

"येतंय गं. भात कापायला आलंय, लई घाई हाय. तुजं काय काम व्हतं?"

"काही नाही. सहज केला."

पलीकडं बायकांचा गलका चालला होता. मग गोजरबाई हळू आवाजात म्हणाली, "एकलीच ऱ्हातीस व्हय गं तिथं?"

"हो."

"मंग ऐतवारी ये कापायला. मानूस कमीच पडतंय."

रविवारी तिनं पहिली एसटी धरली. शेतात पाचसहा जणी होत्या आणि गोजरबाई त्यांच्याशीच बोलण्यात गढलेली. उज्ज्वलाला बांधाकडची कड मिळाली. विळा तिच्या हाताला बसेना, ती मागं पडत गेली. बायका पार पुढं निघून गेल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज तेवढा येत राहिला. बोटं चुरचुरत होती. मधेच गोजरबाईनं वळून हाक मारली, "ये गं, भाकर खाऊ!"

उज्ज्वलानं विळा पेंढीवर ठेवला आणि ती बांधावरून चालत गेली.